बिरड्याबरोबर ब्लाउफ्रेंकिश

"तुझ्या साहेबाच्या वाट्याचं मटण तुझ्या आत्याने खाल्लं," वाल सोलता सोलता नाना म्हणाले. "दोनदा मागून घेतलं. मी साक्षीदार आहे."

"मग काय टाकून द्यायचं?" बेबीआत्या म्हणाली. "विमान उशिरा आलं, त्यात मटणाचा काय दोष? आणि तू गप्प बस रे दादा. स्वतः खात नाहीस आणि दुसऱ्याचे घास मोजतोस."

"मोजले नाहीत. नुसते पाहिले. मोजायला वेळ कुठे दिलास?"

मी दोघांच्या मध्ये परात सरकवली आणि म्हटलं, हात चालवा, तो येईल एवढ्यात. त्यावर नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि 'तो' हा शब्द स्वतःशीच दोनतीनदा घोळवला. त्यांचं वय झालं होतं, पण खोडी काढायची संधी ते अजून सोडत नसत.

विमानाने खरोखरच घोटाळा केला होता. गेऑर्ग रविवारी सकाळी आमच्याकडे रोह्याला पोचायचा होता, आणि तो रविवार म्हणजे आषाढातली अमावास्या. आम्हा कायस्थांच्या घरी त्या दिवशी मटण शिजलं नाही, तर घरात कुणी आजारी आहे का म्हणून शेजारी चौकशीला येतात. आत्याने सकाळपासून वाटण घाटण करून मटण केलं आणि दुपारी गेऑर्गचा फोन आला की, मी अजून व्हिएन्नातच आहे, उद्या येतो. उद्या म्हणजे श्रावण. तोही सोमवारने लागलेला. मटण, मासे, अंडी, कांदा, लसूण, सगळं महिनाभर बंद. श्रावणी सोमवारसाठी म्हणून आत्याने वाल आधीच भिजत घातले होते, त्यांना छान मोड आले होते, आणि आता पाहुण्यापुढे तेच येणार होते.

गेऑर्ग ऑस्ट्रियाचा. मी ज्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायचे, तिथे एक भलंमोठं सुकवणीचं यंत्र बसवायला त्याच्या कंपनीने त्याला पाठवलं होतं. यंत्रातून निघालेल्या भुकटीचे नमुने तो स्वतः माझ्याकडे घेऊन यायचा. खरं तर ते काम शिपायाचं होतं. हिवाळा संपेपर्यंत यंत्र सुरळीत झालं आणि भुकटीत काही दोष उरला नाही, तरी नमुने येतच राहिले. जायच्या आदल्या दिवशी त्याने मला सरळ विचारलं, माझ्याशी लग्न करशील का. मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली. असं सरळ मला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नानांना विचारून सांगते. आता तो उत्तर ऐकायला येत होता.

नानांना विचारलं नाही असं नाही. मी विचारायचे, आणि ते उत्तरंही द्यायचे.

"नाना, मी गेले तर तुमचं काय?"

"माझं काय? वरच्या मजल्यावरच्या चित्रेबाईंना मागणी घालीन. त्यांचा मिक्सर चांगला आहे."

दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "खुशाल जा. फक्त गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून जा." तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की तेही माझ्याबरोबर येणार आणि तिथल्या गाईंना मराठी शिकवणार. आमच्या घराण्याला थट्टेचा रोगच आहे. सुख असो, दुःख असो, आम्ही त्याची टिंगल करून मोकळे होतो, आणि समोरच्याने काय ते समजून घ्यायचं.

मी समजून घेतलं होतं ते असं. आई जाऊन तीन वर्षं होत आली होती. नाना म्हणजे गावातले नावाजलेले खाणारे आणि संध्याकाळी एक पेला नेमाने घेणारे. आई गेली आणि त्यांनी मटण सोडलं, पेलाही सोडला. का सोडलं असं विचारलं की दर वेळी निराळं उत्तर मिळायचं. आणि मी संध्याकाळी कारखान्याच्या बसने परतायचे, तेव्हा बस वळणावर आली की मला आमची गॅलरी दिसायची. नाना कठड्याला टेकून रस्त्याकडे बघत उभे असायचे. मी जिना चढून दारात येईपर्यंत ते आत खुर्चीत जाऊन बसलेले असायचे, तोंडासमोर सकाळचंच वर्तमानपत्र धरून. "आलीस होय? मला कळलंच नाही," म्हणायचे.

मला भावंड नाही, आणि आत्या सणावारापुरतीच आमच्याकडे राहायला यायची. गेऑर्गला नाही म्हणायचं, हे माझं ठरलं होतं. जेवणं झाली की त्याला नदीवर फिरायला न्यायचं आणि सांगायचं. आत्यालाही मी हे बोलले नव्हते. सकाळपासून मी नुसती हसत होते, कामं करत होते.

रिक्षा थांबली. गेऑर्ग दोन दोन पायऱ्या चढत आला. खांद्यावर एकच पिशवी, आणि छातीशी स्वेटरात गुंडाळलेलं काहीतरी, तान्ह्या पोरासारखं धरलेलं.

"काय नाना, बरा हाय ना तू?" तो दारातूनच म्हणाला.

त्याचं मराठी कारखान्यातल्या फिटर लोकांनी घडवलेलं होतं. त्यात 'तू' होतं, 'तुम्ही' नव्हतंच. आत्याला पहिल्यांदा ते ऐकून ठसका लागला होता. नानांना मात्र ते फार आवडायचं. उलट ते त्याला मुद्दाम अहोजाहो करायचे, वर 'राव' लावून.

"बरा आहे, जॉर्जराव. या, बसा. परातीजवळच बसा. आमच्यात पाहुण्याला आधी कामाला लावतात."

गेऑर्गने हे खरं मानलं आणि मांडी घालून बसला. त्याचं हेच होतं. नानांनी काहीही सांगितलं तरी तो ते खरं धरून चालायचा. मोड आलेला वाल चिमटीत धरून हलकेच दाबला की आतली डाळिंबी सालातून सुळकन बाहेर येते. त्याने यंत्राची कळ दाबावी तसा पहिला वाल दाबला आणि डाळिंबी नानांच्या चष्म्यावर जाऊन आपटली.

"नेम चांगला आहे," नाना म्हणाले. "तुमच्याकडे लढाईत असंच करतात?"

"नाय," गेऑर्ग गंभीरपणे म्हणाला. "मी लढाईत नाय गेलो." मग स्वेटर उलगडून त्याने दोन बाटल्या बाहेर काढल्या आणि घरात वास घेतला. "मटण?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. शेवटी मीच त्याला श्रावण समजावून सांगितला. त्याचा चेहरा उतरला. खाण्यासाठी नाही, हे मला लगेच कळलं. त्याचा भाऊ बुर्गनलांड नावाच्या भागात द्राक्षं लावतो, वाईन करतो. गेऑर्गने हिवाळ्यात आत्याच्या हातचं मटण खाल्लं होतं आणि परत गेल्यावर भावाला बारीकसारीक वर्णन करून सांगितलं होतं: खोबरं किती भाजतात, मिरी कुठे लागते, तिखट कुठे चढतं. भावाने ते सगळं ऐकून तळघरातली एक लाल वाईन निवडली होती. खास त्या मटणासाठी.

"आता काय करायचं?" गेऑर्ग म्हणाला.

"सोपं आहे," नाना म्हणाले. "या बाटल्या घेऊन परत जा आणि श्रावण संपला की या."

"श्रावण कधी संपतो?" गेऑर्गने खिशातली डायरी काढली.

"अरे देवा," आत्या म्हणाली. "दादा, पुरे कर. अरे, वाईन द्राक्षांचीच ना? उपासाला द्राक्षं चालतात. मग वाईनला काय धाड भरलीय?"

"वा! मग उसाची चालेल, मोहाची चालेल, काजूची चालेल. बेबीने एका वाक्यात श्रावण सोडवला."

"मी फळाबद्दल बोलतेय," आत्या ठसक्यात म्हणाली आणि बाटल्या स्वतः उचलून तिने फ्रिजमध्ये ठेवल्या. लाल वाईन गार करत नाहीत असं कुठेतरी वाचलेलं मी बोलून दाखवलं. गेऑर्ग म्हणाला, रोह्याच्या उकाड्यात थोडी गार हवीच, नाहीतर नुसती दारूच नाकात जाते.

मी स्वयंपाकाला लागले. सोमवारचा नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. रंग बघायचा, वास घ्यायचा, उकळीचा आवाज ऐकायचा आणि हात सांगेल तेवढं मीठ घालायचं. वालाच्या बिरड्यात मी ओलं खोबरं, जिरं, हिरवी मिरची, आमसूल आणि गुळाचा खडा घातला. आत्याने बाहेरून विचारलं, "मीठ घातलंस?" मी म्हटलं, "घातलं." तसं ते घातलंही होतं. मग मी नैवेद्याचं ताट वाढलं. बिरडं, अळूची भाजी, वरणभात, काकडीची कोशिंबीर, खीर. मी आणि आत्या ताट घेऊन आतल्या खोलीत देवापुढे गेलो. गेऑर्गही हात जोडून मागे उभा राहिला. नाना देवापुढे यायचे नाहीत. "तुम्ही त्याला भेटून या, तोवर मी पाण्याचे तांबे भरतो," म्हणाले.

पानं घेतली. मी वाढायला उभी राहिले. वाढून झालं की नैवेद्याच्या ताटावर मी बसायचं, हा आईच्या वेळेपासूनचा रिवाज. आत्या एरवी माझ्याबरोबर बसायची. त्या दिवशी मात्र तिने वाईनच्या दिशेची खुर्ची आधीच पकडली होती.

आमच्याकडे वाईनचे पेले नव्हते. सरबताचे होते, त्यावर पिवळी फुलं. गेऑर्गने त्यात तळाला थोडी थोडी वाईन ओतली.

"हिचं नाव काय?" नानांनी विचारलं.

"ब्लाउफ्रेंकिश."

"शतंजीव!" शिंकलेल्या पोराला म्हणावं तसं नाना म्हणाले.

गेऑर्गने थँक्यू म्हटलं आणि पुढे चालू ठेवलं. आधी रंग बघायचा. त्याला मागे पांढरं काहीतरी हवं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ नानांच्या सदऱ्यासमोर पेला धरला. गडद जांभळा रंग, कडेला किंचित लाल. मग पेला गोल फिरवून नाक आत घालायचं. आत्याने इतकं आत घातलं की नाकाचा शेंडा ओला झाला. तिला आमसुलाचा वास आला. गेऑर्ग म्हणाला, त्यांच्याकडे काळी चेरी म्हणतात, आणि मागून मिरी. त्याने पेला नानांपुढे धरला.

"मी सोडलीय."

"वास?"

"वास सोडलेला नाही." नानांनी डोळे मिटून हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग त्यांनी सवयीने थट्टेचा आसरा घेतला. "जांभळं आहेत. पण गर मुलांनी खाल्लाय आणि बिया आपल्याला ठेवल्यात."

गेऑर्गने एक घोट घेतला आणि त्याचं तोंड कसंनुसं झालं. आत्याच्या पेल्याला ओठ लावून मी पाहिलं, नानांचं बरोबर होतं. वाईन तुरट लागत होती, हिरड्या आवळून धरत होती. प्रवासाने दमलीय, तो म्हणाला. हिला मटण पाहिजे होतं, चरबी पाहिजे होती. आता ही बिचारी कशाशी जमवून घेणार? मला त्याची फार दया आली. एवढ्या लांबून माणूस भावाची सगळ्यात चांगली वाईन छातीशी धरून घेऊन आला होता, आणि थोड्या वेळाने मी त्याला आणखी काय सांगणार होते ते मलाच माहीत होतं.

"जेवा आता," मी म्हटलं.

आत्याने बिरड्याचा पहिला घास घेतला आणि तिच्या भुवया कपाळात गेल्या. ती माझ्याकडे बघून ओठांनी नुसतं 'मीठ' म्हणाली. मी तिच्याकडे बघून 'तू पण घातलंस का' अशी खूण केली. तिने शपथेवर नाही अशी मान हलवली. नाना शांतपणे भात कालवत होते.

"जॉर्जराव," ते म्हणाले, "बिरडं कसं झालंय? आमच्या वृंदाने केलंय, बरं का. अगदी मनापासून. सांगा, कसं झालंय?"

मी कठडा धरावा तसा ओटा धरला. चांगल्या घरात वाढलेला माणूस अशा वेळी काय म्हणतो ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. डोळ्यांतलं पाणी आवरत, छान झालंय म्हणतो.

गेऑर्गने घास नीट चावून गिळला. "मीठ जास्त," तो म्हणाला. "लय जास्त."

आत्याच्या तोंडून हाय निघून गेली. गेऑर्गने तोंडाची चव जावी म्हणून वाईनचा मोठा घोट घेतला. आणि थांबला. पेल्याकडे बघितलं. पुन्हा बिरड्याचा घास घेतला, पुन्हा एक घोट. मग तो खुर्चीवरून अर्धा उठला.

"वृंदा, ये! खा आणि पी! आत्या, तू पण! बिरडं, मग वाईन!"

आत्याने केलं. "अगंबाई," ती म्हणाली आणि लगेच पुन्हा केलं.

मी तिच्याच पेल्यातून घोट घेतला, तिच्याच ताटातला घास खाऊन. मघाची ती हिरड्या आवळणारी तुरट बाई गायब झाली होती. तिच्या जागी काहीतरी रसाळ, थोडं आंबट, थोडं मिरीचं तोंडभर पसरत होतं, आणि वालाची ती मंद कडसर चवही त्यात मुरून गोड लागत होती. रसायनांतली बाई मी, मला कारण कळत होतं. मिठाने कडू-तुरट दबतं. पण कारण कळलं म्हणून आनंद कमी झाला नाही. गेऑर्ग तर पोरासारखा हसत होता. भावाला कळवायला पाहिजे, तो म्हणाला, मटण नको, मीठ पाहिजे.

"नाना, तू घे!"

"मी सोडलीय, सांगितलं ना."

"का?"

"डॉक्टरांनी सांगितलं."

"कुठला डॉक्टर? मी त्याला विचारतो."

"डॉक्टरांनी नाही हो. एक साधू आला होता. म्हणाला, बाळ, तू दारू सोड, तुझ्या मुलीला गोरा नवरा मिळेल."

गेऑर्गने माझ्याकडे वळून विचारलं, "खरं?" मी नाही अशी मान हलवली. तो पुन्हा नानांकडे वळला आणि नुसता बघत राहिला. थट्टा झाली, आता उत्तर दे, अशा नजरेने. आमच्या घरी असं कुणी बघत नाही. आम्ही थट्टेवर हसतो आणि पुढे जातो.

नानांनी तिसरं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. ते आलंच नाही.

"ती रागवायची," ते म्हणाले. "वृंदाची आई. मी पेला भरला की सुरू व्हायची, ते पानं वाढेपर्यंत. लाज नाही, वय बघा, मुलगी मोठी झालीय. रोज. ती गेल्यावर एकदा मी पेला भरून बसलो. सगळं घर गप्प. कुणी काही बोलेचना. मग ओतून दिला." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तिच्या रागावण्याशिवाय ती दारू म्हणजे नुसतं औषध हो."

आत्याने मान खाली घातली. तीन वर्षं मी हे कारण शोधत होते, आणि ते असं भातावर वाढल्यासारखं समोर आलं.

गेऑर्गला सगळं कळायला जरा वेळ लागला. मग त्याने खुर्ची मागे सारली, उभा राहिला, कमरेवर हात ठेवले आणि कारखान्यातल्या मुकादमाचा आवाज काढला.

"काय रे ए नाना! कामावर पिऊन येतो? लाज नाय वाटत? पोरीबाळींच्या समोर? हजेरी कापीन तुझी! घरी बसवीन!"

तो थट्टा करत नव्हता. तो मदत करत होता. कपाळावर आठ्या घालून, जीव तोडून. नाना आधी दचकले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसताच त्यांनी बिरड्याचा घास घेतला आणि आत्याच्या हातातला पेला काढून घेऊन एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला.

"जॉर्जराव," ते म्हणाले, "मुलांनी गर परत दिला बरं का."

पहिली बाटली संपली. आत्याने फळाबद्दलचं आपलं मत पुन्हा एकदा मांडलं आणि ती गेऑर्गला रोह्याचा डोंगर दाखवायला गॅलरीत घेऊन गेली. मी नैवेद्याचं ताट ओढून जेवायला बसले. नाना समोर बसून राहिले. मी जेवत असताना आई तशीच समोर बसायची, आणि ती गेल्यापासून ते बसायचे.

मी बिरड्याचा घास घेतला. थांबले. दुसरा घास घेतला. मीठ अगदी बेताचं होतं.

"नाना."

"हं."

"माझं बिरडं खारट नाही."

नानांनी खिडकीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि मग बघायला काही उरलं नाही म्हणून माझ्याकडे बघितलं.

"देवाच्या ताटात कसं घालणार?" ते म्हणाले. "माझा विश्वास नाही हे खरं. पण म्हणून त्याला कशाला खारट खायला लावायचं?"

"तुम्ही घातलंत? आम्ही देवापुढे होतो तेव्हा?"

"दोन मुठी."

"पण का?"

मला वाटलं, आता येईल काहीतरी, चित्रेबाई किंवा साधू. नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला वाटलं, तो म्हणेल, छान झालंय. सगळेच म्हणतात. मग तो गेल्यावर तुला सांगता आलं असतं, बघ, खोटं बोलला. गोड बोलणारा आहे, याच्याबरोबर एवढ्या लांब जाऊ नकोस." त्यांनी चष्म्याची काडी मिटली. "तू जाऊ नयेस असं मला वाटतं, वृंदा. तू गेलीस की मी एकटा पडेन. हे थट्टेत सांगता येईना, म्हणून मीठ घातलं."

माझा घास हातातच राहिला. मला ठाऊक असलेलीच गोष्ट होती ती. बसमधून रोज बघत होते. पण बघणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं. त्यांनी एकदा ते सरळ सांगितलं म्हणूनच मला माझं सांगायचं धैर्य आलं, एरवी मी जन्मात बोलले नसते.

"नाना, मी त्याला नाही म्हणणार होते. आजच. जेवणानंतर."

"ते दिसत होतं. सकाळपासून तू फार हसत होतीस."

"पण मला जायचंय. मला तो आवडतो. फार आवडतो. मला जायचंय, नाना."

मी रडायला लागले. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही की मला जवळ घेतलं नाही. ते नुसते बघत राहिले, त्यांना एखादी अवघड गोष्ट अखेर समजल्यासारखे.

"मग जा," ते म्हणाले. "मला वाईट वाटेल ते वाटू दे. ते माझं आहे, ते तू नको वाहूस. फक्त जायच्या आधी एक कर."

"काय?"

"रागव मला. तुझी आई गेल्यापासून तू एकदाही रागावली नाहीस. औषध घेतलं का, जेवलात का, स्वेटर घातला का. नुसती जपत राहिलीस, काचेच्या बरणीसारखी. मी आजारी नव्हतो गं. मी एवढं मीठ घातलं, पाहुण्यासमोर तुझी फजिती केली, आणि तू रडतेयस. तुझ्या आईने असं काही ऐकून घेतलं असतं?"

मी डोळे पुसले. नाक ओढलं. आणि माझ्या आत कुठेतरी तीन वर्षं मिटून ठेवलेलं काहीतरी सुटलं.

"लाज नाही वाटली?" मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण इतका चढा मी तो कधी ऐकला नव्हता. "दोन मुठी? मी दोन दिवस जिवाचं रान करतेय, आणि तुम्ही चोरासारखे स्वयंपाकघरात शिरून माझ्या बिरड्याची माती करता? या वयात? आणि रोज गॅलरीत उभे राहता आणि मी आले की पेपर धरून बसता, मला दिसत नाही असं वाटतं? उलटा धरलेला असतो एकेकदा! आणि चित्रेबाईंचा मिक्सर म्हणे! तीन वर्षं एक शब्द सरळ बोलला नाहीत! मला काय वाटत असेल याचा विचार केलात कधी? काय समजता काय स्वतःला?"

मी थांबतच नव्हते. कधीची उणीदुणी कुठून कुठून निघत होती. त्यांची चप्पल, त्यांचं पथ्य, आईच्या आजारपणातले त्यांचे विनोद, सगळं. नाना खुर्चीत मागे टेकून, हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी गेऑर्गच्या पेल्यात तळाशी राहिलेली वाईन ओढून घेतली आणि माझ्याकडे न बघता एक घोट घेतला.

"आणि हे काय, पुन्हा पिता?" मी ओरडले.

आरडाओरडा ऐकून गेऑर्ग गॅलरीतून धावत आला आणि दारात थबकला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने आधी माझ्या रडक्या डोळ्यांकडे पाहिलं, मग नानांच्या खाली घातलेल्या मानेकडे. काय झालं, त्याने हळूच विचारलं, मी जाऊ का?

नानांनी मान वर केली. आई गेल्यानंतर इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

"जातोस कुठे?" ते त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत म्हणाले. "घरचं बोलणं चाललंय. बस की."

तो बसला.